धावणे मैदानावर, हिशेब स्लाइडवर

पहाटे पाचच्या सुमारास पेण किंवा रोह्याच्या रस्त्यावर पाहावे, तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतात. कोणाचे वडील धाटावच्या कारखान्यात पाळीवर जातात, कोणाची आई पेणच्या गणपती कारखान्यात रंगकाम करते. खासगी अकादमीची फी सर्वांना परवडत नाही. कष्टाला ही मुले कमी पडत नाहीत. कमी पडतो तो हिशेब.

आमच्या वस्तीतल्या अशाच एका मुलीला आम्ही विचारले, “काल आठशे मीटर किती वेळात धावलीस?” ती म्हणाली, “बरी धावले, काका.” आम्ही पडलो कारकून. ‘बरी’ हा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा?

शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची असते. मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटर धावणे व गोळाफेक यांचे प्रत्येकी 15 गुण. निम्मे गुण मिळाले नाहीत, तर लेखी परीक्षेपर्यंत पोचताच येत नाही. थोडे सेकंद जास्त लागले, की गुण घसरतात.

कचेरीत साहेबांच्या बैठकीसाठी आम्ही स्लाइड तयार करतो. पॉवरपॉइंट 1987 साली आले. आता तशी सोय मोबाइलवरही फुकट मिळते. तीच आम्ही या मुलीसाठी वापरली.

पहिल्या स्लाइडवर पहिल्या दिवसाचे खरे आकडे लिहिले. दुसरीवर आठवड्याचे वेळापत्रक: कधी लांब धावणे, कधी गोळाफेक, कधी जोर-बैठका आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. पावसाळ्यात मैदानावर चिखल होतो. त्या दिवसांसाठी समाजमंदिरात करायच्या व्यायामाची वेगळी स्लाइड. पुढे दर रविवारी मागच्या स्लाइडची नक्कल काढायची आणि त्यात नवे आकडे भरायचे. शेवटच्या स्लाइडवर आलेख. आलेखात वेळ सेकंदांतच भरावी. 4 मिनिटे 10 सेकंद म्हणजे 250. ‘4.10’ लिहिले तर आलेख खोटा पडतो.

पाचव्या आठवड्यात तिची वेळ वाढली. “माझ्याने होणार नाही,” म्हणून ती रडकुंडीला आली. आम्ही स्लाइड मागे-मागे नेल्या. त्या आठवड्यात लग्नसराईच्या कामावर ती रात्री उशिरापर्यंत जात होती. झोपेच्या रकान्यात चार तास लिहिलेले होते. दोष तिच्या पायांचा नव्हता! पहिल्या स्लाइडशी ताडून पाहिले, तर ती तरीही 19 सेकंदांनी पुढे होती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पुन्हा मैदानावर दिसली.

वाचकहो, हा हिशेब केवळ भरतीवाल्यांसाठी नाही. प्रौढांनी आठवड्यात किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कामावरून दमून आलेल्या आई-वडिलांनीही झपझप चालण्याची मिनिटे अशीच लिहावीत. छातीत किंवा गुडघ्यात दुखले, तर मात्र स्लाइड बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

स्लाइडला रंग, फुले, चित्रे नकोत. तारीख आणि खरा आकडा पुरे. मोबाइल आपल्या वतीने धावणार नाही. पण आपण काल कुठे होतो, हे तो विसरू देणार नाही. येत्या रविवारी मुलांना जवळ बसवा आणि पहिली स्लाइड लिहा.