नायजेरियाचे पामतेल : उत्कर्ष आणि अपकर्ष

तेलताड हा वृक्ष मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. १८०७ साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार निषिद्ध ठरविल्यानंतर नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेशातून पामतेलाची निर्यात झपाट्याने वाढली. साबण, मेणबत्त्या आणि यंत्रांचे वंगण यांसाठी त्यास मोठी मागणी असे. तेथे १८८५ मध्ये स्थापन झालेला ब्रिटिश संरक्षित प्रदेश तर 'तेलनद्यांचा प्रदेश' म्हणूनच ओळखला गेला. अशा देशावर पुढे पामतेल आयात करण्याची वेळ का आली?

खनिज तेल आणि यादवी युद्ध ही दोन कारणे सामान्यतः सांगितली जातात. ती खरी आहेत. परंतु पुरेशी नाहीत. मलेशियाने निर्यातीत नायजेरियाला मागे टाकले ते १९६६ च्या सुमारास. युद्ध १९६७ मध्ये सुरू झाले आणि खनिज तेलाची भरभराट त्याहूनही नंतरची. म्हणजे अपकर्षाची बीजे आधीच रुजली होती.

पहिले कारण उत्पादनाच्या पद्धतीत आढळते. नायजेरियातील बहुतेक तेल अर्धवन्य राईंतून, कुटुंबाच्या श्रमाने निघे. लीव्हर या साबण-कारखानदाराने मळ्यांसाठी मागितलेली विस्तीर्ण जमीन वसाहत सरकारने नाकारली. तेव्हा त्याने १९११ मध्ये बेल्जियन काँगोशी करार केला. त्यामुळे नायजेरियन शेतकऱ्याची जमीन वाचली, हा लाभ सामान्य नव्हे. मात्र जुन्या झाडांच्या जागी सुधारित वाण लावण्याचे काम मंदावले. जाड कवचाच्या 'ड्यूरा' आणि कवचहीन 'पिसिफेरा' यांच्या संकरातून पातळ कवचाचे, अधिक गराचे 'टेनेरा' फळ मिळते, हे काँगोतील संशोधनाने १९४१ मध्ये दाखविले. मलायातील मळ्यांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. बेनिनजवळ संशोधन संस्था असूनही नायजेरियात हे ज्ञान राईपर्यंत फारसे पोहोचले नाही.

दुसरे कारण किंमतीचे. १९४९ पासून निर्यातीची खरेदी सरकारी पणन मंडळाकडे होती. जागतिक भावापेक्षा कमी दर देऊन जमविलेली शिल्लक मंदीच्या काळात शेतकऱ्यास आधार देण्यासाठी होती. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग प्रादेशिक सरकारांच्या विकासखर्चाकडे वळला. लावल्यापासून तीन-चार वर्षांनी फळणारे झाड अशा दरावर कोण लावील? यांत्रिक गिरण्यांनाही विरोध झाला. पूर्व भागातील रूढीनुसार बियांचे उत्पन्न स्त्रियांचे असे. अख्खी फळे गिरणीत गेली की ते त्यांच्या हातून जाई.

या दुर्बळ झालेल्या व्यवसायावर १९६७ ते १९७० चे युद्ध कोसळले. पूर्वेकडील तेलताडाचा पट्टाच रणभूमी झाला. पुढे खनिज तेलाच्या प्राप्तीमुळे चलनाचे मूल्य चढे राहिले, मजूर शहरांकडे गेले आणि शेतमालाची निर्यात परवडेनाशी झाली. पणन मंडळे १९८६ मध्ये रद्द झाली, तोपर्यंत बाजारपेठ आग्नेय आशियाने व्यापली होती.

तथापि निर्यात लोपली म्हणजे व्यवसाय लोपला, असे नव्हे. नायजेरिया आजही प्रमुख उत्पादकांत मोडतो; वाढत्या लोकसंख्येची गरजच उत्पादनाहून मोठी झाली आहे. तेव्हा या इतिहासाचा निष्कर्ष असा की, जमीन शेतकऱ्याकडे राखणे हे धोरण चुकीचे नव्हते; जमीन त्याच्याकडे ठेवून तिच्या उत्पन्नाचा न्याय्य वाटा त्यास नाकारणे, हे चुकीचे होते.