पाटीवर नावे किती, खाटेजवळ कोण?

कल्याण सोडून लोकल कर्जतच्या दिशेने वळली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके लागतात. यांतल्या कोणत्याही स्थानकाबाहेरच्या रस्त्यावर दुकानांच्या वरच्या मजल्यावर रुग्णालयांच्या पाट्या दिसतात. हृदयरोग, अस्थिरोग, मूत्ररोग, मेंदूविकार, बालरोग अशी विभागांची यादी, त्याखाली डॉक्टरांची नावे आणि प्रत्येक नावामागे इंग्रजी अक्षरांची शेपटी, हा या पाट्यांचा ठरलेला साचा. दहा-पंधरा तज्ज्ञांची नावे वाचून रुग्णाच्या नातेवाइकांना धीर येतो आणि पाटीचे कामही तेच असते. पण त्या अक्षरांमागचे शिक्षण नेमके कोणते आणि ते तज्ज्ञ या इमारतीत कधी असतात, हे पाटी सांगत नाही. ते नसतात तेव्हा रुग्ण कोणाच्या हाती असतो, हे तर मुळीच सांगत नाही. तज्ज्ञाची पदवी ही अर्धी माहिती आहे. उरलेली अर्धी त्याच्या हजेरीत आहे आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन शहरांत ती लेखी मिळण्याची फार गरज आहे.

याचे कारण या शहरांच्या घडणीत आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ काडेपेटीचा कारखाना, आयुधनिर्माणी आणि पुढे एमआयडीसी यांच्याभोवती वाढले. बदलापूर वाढले ते मुंबईत घर न परवडणाऱ्या नोकरदारांमुळे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि कुळगाव-बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे त्याच वेळी सव्वानऊ लाखांच्या वर माणसे इथे राहत होती आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या इमारती वेगळ्याच. सरकारी बाजूला उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचे छाया रुग्णालय आणि बदलापूरचे ग्रामीण रुग्णालय आहे. त्यांच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण कळवा, शीव, परळ किंवा भायखळ्याला पाठवायचा, ही जुनी रीत. मधली सगळी जागा लहान खासगी रुग्णालयांनी व्यापली आहे. एवढ्या लहान रुग्णालयाला पूर्णवेळ मेंदूशल्यचिकित्सक पोसता येत नाही. म्हणून तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी येतो आणि तेच नाव चार पाट्यांवर दिसते.

आधी त्या अक्षरांकडे पाहू. एमबीबीएस म्हणजे साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप. त्यानंतर तीन वर्षांचे एम.डी. किंवा एम.एस. आणि त्याही पुढे तीन वर्षांचे डी.एम. किंवा एम.सीएच. म्हणजे हृदयरोगतज्ज्ञ किंवा मूत्रशल्यचिकित्सक घडायला किमान साडेअकरा वर्षे लागतात. प्रवेशपरीक्षांत आणि बंधपत्रित सेवेत जाणारी वर्षे धरली तर जास्तच. राष्ट्रीय परीक्षा मंडळाचे डी.एन.बी. हे एम.डी., एम.एस.च्या तोडीचे शिक्षण आहे आणि ते बहुधा विद्यापीठाऐवजी मान्यताप्राप्त रुग्णालयांत होते. डी.जी.ओ., डी.सी.एच., डी. ऑर्थो. या दोन वर्षांच्या पदविका. उपनगरांतली कितीतरी बाळंतपणे आणि हाडांची दुखणी अशा पदविकाधारकांनीच निस्तरली आहेत. आयुर्वेदातही एम.डी. आणि एम.एस. असते; तेही तीन वर्षांचे आणि मान्यताप्राप्त. मात्र पाटीवर कंसातला ‘आयुर्वेद’ हा शब्द गाळला तर वाचणाऱ्याची फसवणूक होते. एम.डी. मेडिसिन झालेला फिजिशियन हृदयरोग्यावर उपचार करतो आणि ते योग्यच आहे. पण तो अँजिओप्लास्टी करणारा हृदयरोगतज्ज्ञ नव्हे, हा फरक रुग्णाला ठाऊक हवा.

महाराष्ट्रात या अक्षरांचा गुंता जास्तच आहे. १९१२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स, म्हणजे सीपीएस, या संस्थेच्या एफ.सी.पी.एस.सारख्या पात्रता राज्याच्या कायद्याखाली नोंदल्या जात आल्या. केंद्राने मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये तिच्या बऱ्याच अभ्यासक्रमांना मान्यता दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांतल्या बहुतेकांची काढूनही घेतली. हा घोळ ना शिकलेल्या डॉक्टरांनी घातला, ना रुग्णांनी. भोगावा मात्र दोघांनाही लागतो. त्यात काही दिवसांच्या कार्यशाळांना ‘फेलोशिप’ म्हणण्याची पद्धत आणि ‘एक्स-केईएम’सारखी पदवीच नसलेली बिरुदे मिसळतात. वास्तविक २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत याबद्दलचे नियम स्पष्ट आहेत. दवाखान्यात, औषधाच्या चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक हवा. नावामागे मान्य पदव्या किंवा ज्ञानात खरोखर भर घालणारी पात्रताच लावावी. आणि एखाद्या शाखेची खास पात्रता नसताना कोणी स्वतःला तिचा तज्ज्ञ म्हणवू नये. २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले, त्यामुळे २००२ चेच नियम लागू राहिले. नियम आहेत, पण पाटी तपासायला कोणी फिरकत नाही.

पदव्या अस्सल असल्या तरी प्रश्न संपत नाही. शहराला कोणत्या तज्ज्ञांची गरज आहे आणि पाटीवर कोण आहे, हे जुळावे लागते. सिंधी समाजात थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण देशाच्या तीन-चार टक्के सरासरीपेक्षा बरेच जास्त आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला गंभीर आजार होण्याची शक्यता चारात एक असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. तेव्हा उल्हासनगरात लग्नापूर्वी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत रक्ततपासणी सुचवणारा स्त्रीरोगतज्ज्ञ, भक्कम रक्तपेढी आणि रक्तविकारतज्ज्ञ यांची साखळी हवी. नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत टँकरमधून रसायन ओतले गेले आणि विषारी वायूने उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. एमआयडीसीच्या शेजारच्या शहरांना भाजलेल्या त्वचेवर, चिरडलेल्या हातावर, कोंडलेल्या श्वासावर उपचार करणारी माणसे जवळ लागतात. सांधेबदलाच्या जाहिराती कितीही लागल्या तरी ही उणीव त्यांनी भरून निघत नाही.

आता हजेरीकडे येऊ. हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जितके लवकर, तितके हृदयाचे स्नायू वाचतात. ईसीजी वाचून तो निर्णय घेणारा डॉक्टर रात्री दोन वाजता हजर असेल, तर सकाळी अकराला येणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञाच्या नावापेक्षा तो मोलाचा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काही तासांत जीव घेतो. तिथे भूलतज्ज्ञ किती मिनिटांत पोहोचतो यावर सगळे ठरते, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्यात धावणाऱ्या या भूलतज्ज्ञाचे नाव पाटीवर क्वचितच असते. दोन राउंडच्या मधला काळ सांभाळतो तो निवासी डॉक्टर, म्हणजे आरएमओ. राज्यभरच्या लहान रुग्णालयांत तो बहुधा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. त्याला काय करता येते याचा कायदा सरळ नाही. होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिल्याच्या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, पूनम वर्मा खटल्यात, कडक भूमिका घेतली. पुढे २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना मर्यादित वाट मोकळी केली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ मध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. हा वाद न्यायालयात मिटेल तेव्हा मिटो. आज रात्री वॉर्डात कोण आहे, हे जाणण्याचा रुग्णाचा हक्क त्यावर अडून राहू नये.

बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञांवर विसंबलेल्या शहरांना पावसाळ्याचाही हिशेब ठेवावा लागतो. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर वेढले गेले. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पाण्यात अडकली आणि सुमारे हजार प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. रूळ आणि रस्ता दोन्ही बंद पडले की ठाण्या-मुलुंडहून येणारा तज्ज्ञ केवळ फोनवर उरतो. अशा दिवशी गावात राहणारे तज्ज्ञ किती, हीच शहराची खरी वैद्यकीय ताकद. पाट्यांवरची नावे मोजून ती कळत नाही.

हजेरी जाहीर करायची कल्पना नवी किंवा अव्यवहार्य नाही. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याच्या २०१२ मधल्या नियमदुरुस्तीने सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांची मर्यादा घातली आणि प्रत्येक केंद्राने त्याच्या वेळा स्पष्ट नमूद कराव्यात असे सांगितले. प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात अंबरनाथचेही होते. अशा महाविद्यालयांतल्या अध्यापकांना आधारशी जोडलेल्या यंत्रणेत हजेरी लावावी लागते. सोनोग्राफी, प्रयोगशाळा आणि अध्यापन या तिन्ही ठिकाणी कोण, कुठे, कधी याचा हिशेब कायदा मागतो. मग ज्याच्या नावावर रुग्ण दाखल होतो, त्या तज्ज्ञालाच सवलत का?

यावर पहिला आक्षेप येईल तो रुग्णालये चालवणाऱ्या डॉक्टरांचा. वीस खाटांच्या रुग्णालयाने तज्ज्ञ चोवीस तास ठेवायचे म्हटले तर बिल मुंबईएवढे होईल आणि रुग्णालय बंद पडेल. हे खरे आहे, आणि फिरत्या तज्ज्ञांमुळेच मूतखड्याची शस्त्रक्रिया बदलापुरात होऊ लागली, हेही खरे. पण इथे मागणी चोवीस तासांच्या हजेरीची नाही. ‘मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी, एरवी फोनवर’ असे स्पष्ट लिहायला पैसे लागत नाहीत. तेवढे कळले की ठरवून करायच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्ण तिथेच येईल आणि अपघातात वेळ न घालवता दुसरीकडे जाईल. दोन्हींत रुग्णालयाचे नुकसान नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. पदव्यांनी डॉक्टर चांगला होत नाही. तीस वर्षे उल्हासनगरच्या कॅम्पातल्या गल्लीत बसलेला एमबीबीएस डॉक्टर नव्या सुपरस्पेशालिस्टपेक्षा रोग लवकर ओळखतो. पुष्कळदा हे बरोबर असते, विशेषतः नेहमीच्या तापाखोकल्यात आणि घराण्याच्या दुखण्यांत. पण अनुभवाची परीक्षा रुग्णाला आजारी पडल्यावर घेता येत नाही. पदवी आणि नोंदणी ही किमान हमी आहे: हे हात देखरेखीखाली हे काम शिकले आहेत, एवढीच. शिवाय नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत तीस तासांचे शिक्षण अपेक्षित असते. अनुभवी डॉक्टरने आपली खरी पदवी सांगितल्याने त्याचा मान घटत नाही; उसनी अक्षरे लावल्याने घटतो.

तिसरा आक्षेप भीतीचा. रात्री आयुर्वेदाचा डॉक्टर असतो असे लिहिले तर लोक बिथरतील, काही बिनसले तर तोडफोड करतील. डॉक्टरांवरचे हल्ले ही राज्यातली खरी समस्या आहे आणि त्यासाठी २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. पण ‘मोठे डॉक्टर येतायत’ असे तासन्‌तास सांगितले जाते आणि ते येत नाहीत, तेव्हा संतापाला धार चढते. आधी सांगितलेली मर्यादा माणसे समजून घेतात. नंतर उघडी पडलेली मर्यादा त्यांना दगा वाटते. खरी माहिती आरएमओच्याही हिताची आहे. त्याच्या आवाक्याबाहेरचा निर्णय त्याच्यावर लादला जाणार नाही आणि वरिष्ठाला बोलावण्याची जबाबदारी कागदावर येईल.

करायचे काम छोटे आहे. १९४९ च्या राज्य शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली प्रत्येक रुग्णालयाची नोंद होते आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. त्या सनदेशेजारी आणखी एक तक्ता लावायला सांगावा: तज्ज्ञाचे नाव, मान्य पदवी, नोंदणी क्रमांक, येण्याचे वार आणि वेळ, आणि तो नसताना जबाबदार असलेल्या डॉक्टरचे नाव व पदवी. उल्हासनगर महापालिकेने आपल्या हद्दीत आणि अंबरनाथ-बदलापूरसाठी जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेने नोंदणीच्या नूतनीकरणाला ही अट जोडावी. तोवर वाचकांनी स्वतःच विचारावे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक घालून पदव्या पाहता येतात. हे आजारी पडण्यापूर्वी, घरात सगळे धडधाकट असताना करून ठेवावे. आणि दाखल होताना केसपेपरवर सही करण्याआधी एवढेच विचारावे: आज रात्री इथे कोण आहे, त्यांचे शिक्षण काय, आणि गरज पडली तर तज्ज्ञ किती वेळात पोहोचतील? ज्या रुग्णालयाकडे याची सरळ उत्तरे आहेत, तिथे पाटीवर दोनच नावे असली तरी चालतील.