नोंदणी कक्षातील संगणकांवर लिनक्स प्रणाली

रुग्णालयाच्या नोंदणी कक्षातील संगणकांचा पडदा वेगळा दिसू लागल्यापासून अनेक हितचिंतकांनी आमच्याकडे पृच्छा केली. ही यंत्रे आपणा सर्वांच्या देणगीतून घेतलेली असल्याने त्यांवर केलेल्या बदलाची हकीकत सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

या संगणकांवर विंडोज १० ही कार्यकारी प्रणाली होती. तिची सर्वसाधारण देखभाल निर्मात्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. परंतु त्यानंतर सुरक्षा-दुरुस्त्या हव्या असल्यास संस्थांना त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. दुरुस्ती न बसविल्यास काय ओढवते ते मे २०१७ मध्ये ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांनी अनुभवले. वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने तेथील संगणक कुलूपबंद केले आणि ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या दोषावरील दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झालेली होती. किनगाव वा शिरूर ताजबंदहून पहाटे निघून केसपेपरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या रुग्णावर तशी वेळ येऊ नये, एवढाच आमचा हेतू होता.

विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही चिप लागते व आमच्या जुन्या यंत्रांत ती नाही. धडधाकट यंत्रे भंगारात काढणे मनास पटेना. म्हणून १९९३ पासून स्वयंसेवक सांभाळीत आलेली डेबियन ही लिनक्स प्रणाली निवडली. आपल्या देशात सी-डॅकने तयार केलेली बॉस प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. तिला परवाना शुल्क नाही. श्रम मात्र लागतात, ते फुकटचे समजू नयेत.

प्रत्यक्ष प्रस्थापना सोपी असते. प्रणालीची प्रत उतरवून घ्यावी, ती अस्सल असल्याची पडताळणी करावी, पेन ड्राईव्हवर चढवावी आणि संगणक त्यावरून सुरू करावा. भाषांच्या यादीत मराठीही आहे. हार्ड डिस्कला हात न लावता आधी पेन ड्राईव्हवरूनच प्रणाली चालवून पाहता येते. प्रिंटर केसपेपर छापतो की नाही ते आम्ही असेच तपासले. विजेचा भरवसा नसल्याने काम यू.पी.एस.वर केले.

खरी जोखीम त्याआधी असते, कारण प्रस्थापनेत डिस्कवरील जुना मजकूर पुसला जातो. आम्ही दोन प्रती काढल्या व एक दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. तरीही नोंदणी कक्षातील भगिनींनी विचारले, "डिस्चार्ज कार्डं घेतली का? ती रात्रपाळीच्या लॉगिनमध्ये असतात." ती घेतलेली नव्हती! त्या प्रश्नासाठी आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

दुसरी अडचण जुन्या मराठी मजकुराची निघाली. पूर्वीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षर रोमन अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर बसविलेले असे. तो फॉन्ट नसेल तर रुग्णाच्या नावाजागी निरर्थक चिन्हे उमटतात. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून प्रत्येक नाव मूळ कागदाशी ताडून पाहावे लागते. हे काम अद्याप चालू आहे.

रुग्णांची माहिती गोपनीय राहावी म्हणून प्रस्थापनेच्या वेळीच डिस्कला सांकेतिक कुलूप घातले. त्याचा परवलीचा शब्द विसरल्यास संगणक उघडणार नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. अखेर तो शब्द मोहोरबंद पाकिटात घालून मेट्रनच्या कपाटात ठेवला आहे.

क्ष-किरण व सोनोग्राफी यंत्रांना जोडलेले संगणक त्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरशी बांधलेले असल्याने त्यांना हात लावलेला नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअरही विंडोजवरच चालते. तो एक संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवला आहे.

जुन्या डिस्चार्ज कार्डाची प्रत हवी असल्यास नातेवाइकांनी मूळ केसपेपर सोबत आणावा व प्रतीवरील नाव तेथेच वाचून पाहावे, ही विनंती.