पालव्याची कमान

गेल्या मार्गशीर्षांत नातवास घेऊन मुंबईस पालवा बंदरावर, म्हणजे साहेबाच्या अपोलो बंदरावर, गेलों होतों. 'गेटवे ऑफ इंडिया' पाहतांच तो म्हणाला, "आजोबा, राजा ह्याच दारांतून आला ना?" मी ओशाळलों. तीस वर्षें वर्गांत मीही मुलांस हेंच सांगत आलों होतों!

पंचम जॉर्ज येथें उतरला तो १९११ च्या डिसेंबरांत. कमानीची कोनशिला बसली १९१३ सालीं. जॉर्ज विटेट ह्या स्थपतीचा आराखडा मंजूर झाला १९१४ सालीं, आणि उद्घाटन झालें थेट १९२४ सालीं. पिवळसर बेसाल्टाची ही वास्तु ८५ फूट उंच. घडण पुष्कळशी सोळाव्या शतकांतील गुजराती धाटणीची. ज्याच्या आगमनाप्रीत्यर्थ ती उभारली, तो राजा पुन्हां हिंदुस्थानांत आलाच नाहीं. बाहेर पडली मात्र इंग्रजांची शेवटची पलटण, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, हिच्याखालूनच.

हें ऐकून नातू उद्गारला, "म्हणजे हें जाण्याचें दार!"

१९६१ पासून समोर अश्वारूढ उभ्या असलेल्या शिवछत्रपतींस आम्हीं दोघांनीं नमस्कार केला. वाचकहो, मुलांस येथें अवश्य न्यावें; परंतु आधीं आपली सनावळी एकवार तपासून घ्यावी.