छपरावरचा सिमेंटचा पत्रा : घाबरू नका, पण फोडूही नका

मे महिना आला की मोहल्ल्यामोहल्ल्यांत छपरांची कामे निघतात. कोणाच्या पडवीचा पत्रा तडकलेला असतो, कोणाच्या मोरीवरचा गळत असतो, कोठे मस्जिदीच्या वुझूखान्यावरची शेड बदलायची असते. मिस्त्री कटर लावतो, करडा धुरळा उडतो, खाली पोरे गंमत बघत उभी राहतात. संध्याकाळी घरातली बाईमाणसे तो धुरळा खराट्याने झाडून काढतात. यात काही वावगे आहे असे कोणालाच वाटत नाही, म्हणून या विषयावर लिहायचे आम्ही ठरवले.

ज्याला आपण सिमेंटचा पत्रा म्हणतो तो नुसत्या सिमेंटचा नसतो. त्याला बळकटी यावी म्हणून त्यात अ‍ॅस्बेस्टॉस नावाच्या खनिजाचे तंतू मिसळलेले असतात. हे प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असते. हे तंतू जळत नाहीत, कुजत नाहीत. पत्रा स्वस्त पडतो, लोखंडी पत्र्यापेक्षा कमी तापतो आणि पावसाचा आवाजही कमी करतो. म्हणूनच गरिबाच्या घरापासून शाळा-मदरशांपर्यंत तो सगळीकडे पोहोचला.

धोका कशात आहे?

पहिली गोष्ट नीट लक्षात घ्यावी. शाबूत पत्र्याखाली राहणे आणि त्याचा धुरळा श्वासात घेणे यांत फार फरक आहे. तंतू सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असतात तोवर ते सहसा सुटत नाहीत. पत्रा कापला, भोक पाडले, फोडला, घासला किंवा जुना होऊन त्याचा पृष्ठभाग झिजला, की ते हवेत येतात. केसापेक्षा कितीतरी बारीक असलेले हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि शरीराला ते सहजी बाहेर टाकता येत नाहीत.

त्यातून फुप्फुस हळूहळू कडक होणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होऊ शकतो. आजार उघड व्हायला वीस ते चाळीस वर्षेही लागतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कैक पटींनी वाढतो. आपल्याकडच्या पत्र्यांत पांढरे अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि ते निर्धोक असल्याचे सांगितले जाते. जागतिक आरोग्य संघटना मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचे सर्वच प्रकार कर्करोगकारक मानते. ब्रिटनने १९९९ साली, ऑस्ट्रेलियाने २००३ च्या अखेरीस आणि युरोपीय संघाने २००५ साली त्यावर बंदी आणली. भारतात मात्र परदेशातून आणलेले अ‍ॅस्बेस्टॉस वापरून पत्रे अजून बनतात.

धुरळा घरात कसा येतो?

१९६५ साली लंडनमध्ये मेसोथेलिओमाच्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या नऊ जणांनी अ‍ॅस्बेस्टॉसचे काम कधी केलेच नव्हते. ते फक्त अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या घरात राहत होते. कामावरचे कपडे घरी येत, झटकले जात, धुतले जात, तेवढे पुरेसे ठरले. मिस्त्रीच्या घरातल्या भगिनींनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

छपराखेरीज हे खनिज इतरत्रही सापडते. जुन्या पावसाच्या पाइपांत, सिमेंटच्या टाक्यांत, छताला मारलेल्या सपाट शीटमध्ये, जुन्या गाड्यांच्या ब्रेकमध्ये ते असू शकते. आम्हा शिक्षकांच्या ओळखीची वस्तू म्हणजे प्रयोगशाळेतली, मधोमध पांढरा गोल असलेली तारेची जाळी. जुन्या जाळ्यांतला तो गोल बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचा असे. अशी भुगा पडणारी जाळी शाळेत उरली असेल तर ती पिशवीत बंद करून वापरातून काढावी.

काय करावे, काय टाळावे?

पत्रा शाबूत असेल तर त्याला हात लावू नये. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते. ते तारेच्या ब्रशने किंवा जोराच्या फवाऱ्याने खरवडू नये. ईदच्या रंगरंगोटीसाठीही पत्रा घासू नये. त्यात खिळे ठोकू नयेत, पंख्यासाठी भोके पाडू नयेत.

बदलायचाच असेल तर वारा नसताना, सकाळी काम काढावे. मुले, म्हातारी माणसे आणि वाळत घातलेले कपडे दूर न्यावेत, पाण्याची भांडी झाकावीत, शेजाऱ्यांना आधी सांगावे. पत्र्यावर हलकेच पाणी मारून तो ओला करावा. गंजलेला हूक हाताच्या कटरने तोडावा, त्यासाठी पत्रा फोडू नये. प्रत्येक पत्रा अखंड उतरवून हातोहात खाली घ्यावा, वरून टाकू नये. मग जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी लावावी. खाली पडलेले तुकडे ओल्या फडक्याने टिपावेत आणि फडकीही त्याच प्लास्टिकमध्ये बांधावीत. झाडू मारू नये.

जुने पत्रे भंगारवाल्याला देऊ नयेत, भरावात घालू नयेत, बकऱ्यांच्या किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावरही टाकू नयेत. २०१६ च्या नियमांनुसार अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्यात मोडतो. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे घातक कचऱ्याची केंद्रे आहेत. शाळेचे किंवा मस्जिदीचे मोठे काम असेल तर पत्रे अधिकृत केंद्रातच पाठवण्याची अट कंत्राटात घालावी. घरच्या पाच-दहा पत्र्यांसाठी नगरपालिकेला आधी लेखी विचारावे. उत्तर येईपर्यंत ते गुंडाळून, रहदारीपासून दूर ठेवावेत. नवे छप्पर कौलांचे किंवा लोखंडी पत्र्याचे करावे. सिमेंटचाच पत्रा हवा असेल तर तो अ‍ॅस्बेस्टॉसविरहित असल्याचे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.

छपरावर चढणारा माणूस

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या बाजूने निकाल दिला. कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान चाळीस वर्षे जपण्याचा आदेश कारखान्यांना मिळाला. पण आपल्या छपरावर चढणारा पोरगा कोणत्याच कारखान्याच्या वहीत नसतो. आज येथे, उद्या तेथे काम करणाऱ्याला वीस वर्षांनी धाप लागली, तर तिचे कारण तो कोणाला सांगणार?

त्याची काळजी काम देणाऱ्यानेच घ्यायची आहे. जुना पत्रा पायाखाली अचानक फुटतो आणि माणूस थेट खाली येतो. म्हणून वर आडव्या फळ्या टाकल्याशिवाय कोणाला चढू देऊ नये. पाण्याने पत्रा निसरडा होतो, तेव्हा तर मुळीच नाही. तोंडाला बांधलेला रुमाल उपयोगाचा नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा, निदान एन-९५ दर्जाचा मास्क द्यावा. दाढी असेल तर असा मास्क नीट बसत नाही आणि कडेने हवा आत शिरते, म्हणून हे काम दाढी नसलेल्या कारागिराकडे द्यावे. काम संपल्यावर त्याला हातपाय धुवायला पाणी द्यावे आणि कामाचे कपडे तेथेच बदलून ओले करून पिशवीत बांधायला सांगावे. ज्यांनी हे काम वर्षानुवर्षे केले आहे त्यांना धाप किंवा कोरडा खोकला असेल, तर डॉक्टरांना कामाची माहिती न विसरता सांगावी.

भाव ठरवताना फळ्या, मास्क आणि प्लास्टिक यांचा खर्च आपल्या बाजूने धरावा. मिस्त्री तो मागणार नाही, कारण बहुधा त्याला हे कोणी सांगितलेलेच नसते. ते सांगण्याची जबाबदारी आता हा लेख वाचणाऱ्या आपणा सर्वांची आहे.