गैरहजेरीचा हिशेब

जानेवारी महिन्यांत सिद्धरामेश्वराची गड्डा यात्रा भरली, कीं सोलापुरांतील कित्येक घरीं परदेशीं असलेल्या मुलांची वाट पाहिली जाते. मुलगा आला म्हणजे घर भरलें असें आईला वाटतें. परंतु तोच मुलगा पुढें इंग्लंडमध्यें कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीं अर्ज करूं लागला, म्हणजे घरीं काढलेल्या याच दिवसांना तेथील कायदा गैरहजेरी असें नांव देतो. कुटुंबाच्या लेखीं जी हजेरी, तीच परक्या सरकारच्या लेखीं गैरहजेरी होय.

या हिशेबामागील कल्पना साधी आहे. ज्यास एखाद्या देशांत कायमचें राहावयाचें, त्यानें तेथें सलग वास्तव्य केलेलें असावें. नोकरीसाठीं गेलेल्यांना ब्रिटिश नियम कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांपर्यंत देशाबाहेर राहूं देतो. निघण्याचा व परतण्याचा दिवस यांत धरीत नाहींत. संपूर्ण दिवसच मोजले जातात. येथें ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ११ जानेवारी २०१८ नंतर मिळालेल्या परवान्यांस ही सरकत्या बारा महिन्यांची मोजणी लागू आहे. जानेवारी ते डिसेंबर असें वर्ष तींत धरीत नाहींत.

समजा, लीड्स येथें नोकरीस असलेला एक सोलापूरकर बहिणीच्या लग्नासाठीं १ मेपासून ४० दिवस देशाबाहेर राहिला. वडिलांना अर्धांगाचा जबर झटका आल्यामुळें तो १ ऑक्टोबरपासून ११० दिवस बाहेर होता, व १ मार्चपासून आणखी ४५ दिवस कामासाठीं बाहेर गेला. कॅलेंडर वर्षाप्रमाणें पाहिल्यास पहिल्या वर्षीं १३२ व दुसऱ्या वर्षीं ६३ दिवस भरतात. मर्यादा कोठेंच ओलांडलेली दिसत नाहीं. परंतु मे ते एप्रिल असे बारा महिने धरतांच बेरीज १९५ होते आणि सलग वास्तव्य तुटतें.

अशा वेळीं कारण सांगण्यास वाव आहे. अर्जदाराचें अथवा जवळच्या नातेवाइकाचें जिवावरचें दुखणें, नातेवाइकाचा मृत्यु, तसेंच नैसर्गिक आपत्ति, युद्ध किंवा साथ यांमुळें अडलेला प्रवास, हीं कारणें नियमांत मान्य आहेत. वडिलांच्या आजाराचे ११० दिवस वगळले गेले, तर उरतात केवळ ८५. लग्न, मुंज किंवा यात्रा यांसाठीं मात्र मर्यादेच्या आंतलेच दिवस खर्चावे लागतात.

कारण खरें असून भागत नाहीं. तें कागदांवरून दिसावें लागतें, आणि हे कागद बहुधा सोलापुरांतच असतात. दाखल केल्याची व घरीं सोडल्याची तारीख असलेलें रुग्णालयाचें डिस्चार्ज कार्ड, आजार जिवावरचा होता असें स्पष्ट लिहिलेलें डॉक्टरांचें पत्र, महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला, हे कागद घरच्यांनीं जपून ठेवावेत. कागद केवळ मराठींत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावें. रजेविषयीं मालकाचें पत्र व विमानाचीं तिकिटें अर्जदारानें सांभाळावींत. एखादी फेरी लपविण्याचा मोह घातक आहे. जास्त झालेल्या दिवसांची क्षमा होऊं शकते. खोट्या निवेदनानें मात्र सबंध अर्जच बुडतो.

दिवस मोजणारा कायदा केवळ परक्यांचाच आहे असें नव्हे. परकीय नागरिकत्व घेतलेला ओ. सी. आय. कार्डधारक सोलापुरास परतून पुन्हां भारतीय नागरिक होऊं इच्छील, तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणें त्याची नोंदणी पांच वर्षांची असावी लागते आणि अर्जापूर्वींचे बारा महिने त्यानें भारतांत राहावें लागतें. २०१५ च्या दुरुस्तीनें यांत जास्तींत जास्त ३० दिवसांची सूट ठेवली आहे. तीही विशेष कारण लेखीं नोंदवून.

नियम बदलत असतात. अर्जाच्या वेळीं लागू असलेला नियम पाहूनच पाऊल टाकावें. जाण्यायेण्याच्या तारखा मात्र बदलत नाहींत. एका साध्या वहींत त्या त्याच दिवशीं लिहून ठेवल्या, तर आजारी वडिलांच्या उशाशीं बसलेल्या मुलास दिवस मोजीत बसावें लागणार नाहीं.