थंडींतला डोंगर आणि मोठा कॅमेरा

पडेगाव मागें टाकून दौलताबादच्या रस्त्यानें पुढें गेलें कीं देवगिरीचा तो सरळ तासलेला खडक दिसूं लागतो. पौषांतील सकाळीं तेथील हवा निवळलेली असते. माळावरचें गवत पिवळें पडलेलें असतें. आणि आग्नेयेकडून येणारें कोंवळें ऊन खडकाच्या प्रत्येक कपारीस वेगळी सावली देतें. डोंगराचें छायाचित्र घ्यावयाचें तर हाच ऋतु, असें आमचें मत आहे. जेष्ठांतील माथ्यावरचें ऊन डोंगर सपाट करून टाकतें. मार्गशीर्ष-पौषांत मात्र भर दुपारींहि सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून सुमारें 46 अंशांवरच असतो.

खिशांतल्या यंत्रानें क्षणांत चित्र निघत असतां भाता असलेला अवजड कॅमेरा खांद्यावर वाहण्याचें प्रयोजन काय, असें वाचक विचारतील. उत्तर आकारांत आहे. या कॅमेऱ्यांत 4 इंच रुंद व 5 इंच लांब अशी फिल्म एकेक घालावी लागते; नेहमींच्या रिळांतील एका चित्राच्या सुमारें पंधरापट तिचें क्षेत्रफळ. त्यामुळें दूरच्या तटाचा दगडन् दगड वेगळा उमटतो. शिवाय भिंग पुढें कलवितां येतें, म्हणून पायाजवळचा धोंडा व मैलावरचा डोंगर दोन्ही एकाच वेळीं स्पष्ट होतात. तें वर सरकवितां येतें, म्हणून उंच कडा मागें झुकल्यासारखा दिसत नाहीं.

मात्र हें सारें काळें फडकें डोक्यावर घेऊन, घासलेल्या काचेवर उलटें दिसणारें चित्र न्याहाळीत करावें लागतें. दरींतील सावलींत तर आणखी एक अडचण. मापानें दहा सेकंद निघाले, तरी कित्येक फिल्मांस दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक वेळ द्यावा लागतो. मंद प्रकाशांत फिल्म सुस्तावते. आम्हींही पहिल्याच दिवशीं घाईनें एकाच फिल्मवर देवगिरी दोनदां उतरविला! चारच फिल्मा बरोबर होत्या. त्यांतली एक अशी गेली. त्या दिवसापासून आम्ही आधीं डोळ्यांनीं पाहूं लागलों व मग कॅमेऱ्याकडे वळूं लागलों.

पूर्वींच्यांचे कष्ट याहून मोठे. ओल्या काचेच्या काळांत काचेवर द्राव ओतून, ती सुकण्यापूर्वींच चित्र घेऊन धुवावी लागे. म्हणजे अंधारी खोलीच तंबूच्या रूपानें बरोबर न्यावयाची. वाघूर नदीच्या नालाकृति दरींत मेजर रॉबर्ट गिल हे अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठीं 1844 सालीं नेमले गेले. त्यांच्या बहुतेक नकला लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसमध्यें 1866 सालच्या आगींत जळाल्या. परंतु दरम्यान त्यांनीं जोडभिंगाचा कॅमेरा हातीं घेतला होता, आणि 1864 सालीं त्यांचीं छायाचित्रें पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं होतीं. रंगांची मेहनत भस्म झाली. कागदावरची छाया उरली. पुढें निजामाच्या पदरीं राहिलेले लाला दीनदयाळ यांनींहि वेरूळ व दौलताबाद काचांवर उतरविलें.

उरण्याचें मोल काय, हें अमेरिकेंतील एका उदाहरणावरून कळेल. टिमथी ओ'सलिव्हन यांनीं 1873 सालीं ॲरिझोनांतील कॅन्यन द शे या खोल दरींत, कड्याच्या पोटांतील पडक्या वस्तीचें चित्र घेतलें. सुमारें सत्तर वर्षांनीं ॲन्सेल ॲडम्स जवळजवळ त्याच जागीं उभे राहिले व तोच कडा पुन्हां टिपला. पहिलें चित्र राहिलें, म्हणूनच दुसऱ्यास अर्थ आला.

पडेगाव आतां शहराचें उपनगर झालें आहे. ज्या माळावरून आज डोंगर मोकळा दिसतो, तेथें उद्यां घरें उठतील. त्यांत कोणाचा दोष नाहीं, माणसांस राहावयास जागा हवीच. पण सत्तर वर्षांनीं येथें उभ्या राहणाऱ्याच्या हातीं तुलनेस कांहीं असावें, एवढीच आमची इच्छा.

आणि हें काम केवळ कॅमेरेवाल्यांचें नव्हे. कित्येक जुन्या वाड्यांच्या माळ्यावर काचांच्या पेट्या पडून आहेत. दिवाळीच्या साफसफाईंत त्या मोडींत निघतात. गृहिणींनीं व मुलांनीं एवढें करावें : काच कडांनींच धरावी, पाण्यानें धुऊं नये, प्रत्येक काच वेगळ्या कागदी लिफाफ्यांत घालून कडेवर उभी ठेवावी, ओलीपासून जपावी. लिफाफ्यावर स्थळ, साल व माणसांचीं नांवें, काच घालण्यापूर्वींच, शिसपेन्सिलीनें लिहावीं. आणि हें आजोबा-आजी सांगावयास आहेत तोंवरच लिहावें. डोंगर पुन्हां टिपतां येईल. नांवें पुन्हां मिळणार नाहींत.